बारीक अक्षरं

कॅनडा कॉर्नरला दुसऱ्या मजल्यावर
शिरोडेबाईंच्या टेबलावर तीन पॉलिसी.
एक स्वस्त, एक गुळगुळीत कागदाची,
तिसरी नुसतीच जाड.

ओझरला एकतीस वर्षं मी विमानाचे रिवेट तपासले.
डोक्याखाली नख जाईल एवढी फट
म्हणजे अख्खा पंख परत.
तेव्हा मी खिशातून भिंग काढलं
तर इक्बाल हसला नाही.
वडाळा नाक्यावरच्या त्याच्या गॅरेजात
माझं असलं त्यानं पुष्कळ सोसलंय.

सप्टेंबरात बिश्केक. तिथून भाड्याच्या मोटारसायकली,
अडीचशे सीसी, अठरा दिवस,
डोंगरांच्या आत आत.

पहिली म्हणते, सव्वाशे सीसीच्या वर
आम्ही तुमचे कोणी नाही.
म्हणजे माझ्या मेहुणीची स्कूटी चालेल.
ती बाजूला सरकवली.

दुसरी मोटारसायकलीला साहस समजते,
साहसाला जादा हप्ता.
बाई, इक्बाल म्हणाला, द्वारका चौक
मी रोज संध्याकाळी सहाला ओलांडतो,
तेव्हा कुणी काही वाढवलं नाही.
बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.
आणि साडेतीन हजार मीटरच्या वर जबाबदारी नाही.
आमच्या नकाशातला एक घाट
त्याहून शहाऐंशी मीटर उंच.
तेवढी गाडी ढकलत नेऊ, तो म्हणाला,
ढकलणं साहसात येतं का?

मद्य घेतलं असल्यास दावा रद्द.
आणि घोडीचं आंबवलेलं दूध?
तिथे पाहुण्याला वाडगाभर देतात म्हणे,
नको म्हणणं वाईट दिसतं.
शिरोडेबाईंनी पुण्याला फोन लावला.
पुण्यानं मुंबईला विचारलं.
चहा आला, संपला.
घोडीचं दूध अजून विचाराधीन आहे.

मग ते कलम.
पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च
किंवा तिथेच अंत्यविधी. एकावर खूण करा.
मी पेन उचललं, ठेवलं.

अख्खा देश आपली माणसं मडक्यात घालून
आमच्या रामकुंडावर येतो.
शाळा सुटली की गंगेवर जाऊन
गुडघाभर पाण्यात आम्ही
त्यांची नाणी पायाच्या बोटांनी शोधायचो.
दहा पैसे, चार आणे, एकदा एक जोडवं,
ते मी परत टाकलं.
घरापासून लांब कुठे मरायचं
हे आम्हा गंगेकाठच्यांना कधी सुचलंच नाही.

इक्बालनं खूण केलीसुद्धा. तिथेच.
माती लवकर मिळावी, एवढंच, म्हणाला,
उगाच विमानात कशाला.
मी केली मायदेशी.
शेजारी शेजारी दोन अर्ज.
परतीची तिकिटं आम्ही एकत्र काढली होती,
बावीस आणि तेवीस नंबरच्या सीटा,
खिडकी त्याची.

खाली कुणीतरी मालवाहू रिक्षा मागे घेत होतं,
तिचं ते रडकं गाणं बराच वेळ.

तिसरी. पान एकोणीस, भिंगाखाली:
विमाधारक रुग्णालयात असल्यास
सोबत थांबणाऱ्या एका व्यक्तीची खोली,
जास्तीत जास्त पाच रात्री.

पहिल्या दोघींत सोबतीचा शब्दच नव्हता.
माणूस एकटा पडतो, एकटा बरा होतो,
असं त्यांचं मत असावं.

हिचा हप्ता चार हजारांनी जास्त.
सामान हरवल्यास ही जवळजवळ काहीच देत नाही.
घाटाबद्दल गप्प आहे.
इक्बालनं विचारलं, सोबतचा नात्यातला लागतो का?
बाईंनी ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचलं,
ओठ हलवत, लहान मुलीसारखं.
व्यक्ती, म्हणाल्या. नुसतं व्यक्ती लिहिलंय.

सह्या केल्या.
जिन्यात हेल्मेट चाचपत तो म्हणाला,
पाचच रात्री?
मी म्हटलं, सहावीचं आपण बघू.